गरिबी बाळापर्यंत पोचते कशी?

दरवर्षी दोन बातम्या ठरल्यासारख्या येतात. पावसाळ्यात मेळघाट, नंदुरबार, मोखाड्याकडून कुपोषणाची बातमी येते. जानेवारीच्या सुमारास ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीचा अहवाल येतो आणि कळतं, की खेड्यापाड्यांतल्या पाचवीच्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचं पुस्तक धड वाचता येत नाही. पहिली बातमी आरोग्य खात्याच्या नावावर पडते, दुसरी शिक्षण खात्याच्या. पहिली वाचून आपण हळहळतो, दुसरी वाचून मास्तरांना नावं ठेवतो. मला ही एकच बातमी वाटते, आठ-नऊ वर्षांच्या अंतरानं दोनदा छापलेली.

मधल्या वर्षांत काय घडतं, ते इथे सोपं करून सांगायचं आहे. ‘गरिबीमुळे मुलं मागे पडतात’ हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण त्यातून काही कळत नाही. घरात पैसा नसणं ही गोष्ट दहा महिन्यांच्या बाळाच्या मेंदूपर्यंत नेमक्या कुठल्या वाटेनं जाते? बाळाला तर पैसा म्हणजे काय हेही ठाऊक नसतं.

## फडाच्या बांधावर

दोन वर्षांपूर्वी गळीत हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका उसाच्या फडावर गेले होते. टोळी बीडकडची. बांधावरच्या बाभळीला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत दहा महिन्यांचा मुलगा, आणि झोळीची दोरी धरून बसलेली त्याची चार वर्षांची बहीण. तिच्या मांडीवर पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा. पोरगं कुरकुरलं की ती एक बिस्कीट पाण्यात बुडवायची आणि त्याच्या तोंडात द्यायची.

आई चाळीसेक पावलांवर होती. पहाटे तीनला उठून, भाकऱ्या थापून, अंधारातच फडात आलेली. नवरा ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. दोघं मिळून एक कोयता. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, असते दोघांच्या नावावर, म्हणजे एकानं बसून चालत नाही.

मुलगा जागा झाला. झोळीच्या काठावरून डोकं वर काढून त्यानं आईकडे पाहिलं आणि मोठ्यानं ‘आऽ’ केलं. तिनं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा वाकली. त्यानं पुन्हा ‘आऽ’ केलं. या वेळी तिनं बघितलं नाही. तिसऱ्यांदा बहिणीनं झोका जोरात दिला आणि थोड्या वेळानं तो झोपला.

एवढंच. यात कुणी दुष्ट नाही, कुणी आळशी नाही, आणि उपाशीही कुणी नव्हतं. पण पुढे जे सांगणार आहे ते सगळं या दोन मिनिटांत आहे.

## हाक आणि ओ

बाळ जन्मतं तेव्हा मेंदूतल्या बहुतेक पेशी जागच्या जागी असतात. त्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या वाटा मात्र फार थोड्या असतात. माळावर पायवाट पडते तसंच हे काम चालतं. कुणी एकदा गेलं की गवत दबतं, रोज गेलं की वाट पडते, जाणं थांबलं की गवत पुन्हा उगवतं. पहिल्या काही वर्षांत अशा नव्या जोडण्या सेकंदाला दहा लाखांहून अधिक वेगानं होतात, असं हार्वर्ड विद्यापीठाचं बालविकास केंद्र सांगतं. वापरात येतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या मेंदू स्वतःच छाटून टाकतो.

वाट पाडणारी चाल कुठली? बाळ हाक मारतं आणि मोठं माणूस ओ देतं, ही. हाक म्हणजे ‘आऽ’ असेल, बोट दाखवणं असेल, रडणं असेल, नुसतं टक लावून बघणं असेल. ओ म्हणजे ‘काय रे सोन्या, कावळा दिसला का?’ एवढंसुद्धा पुरतं. या एका देवघेवीत शब्द आहे, सूर आहे, चेहरा ओळखणं आहे, आणि ‘मी काही केलं की जगात काहीतरी होतं’ हा विश्वासही आहे. पुढे शाळेत लागणाऱ्या जवळपास प्रत्येक गोष्टीचं मूळ इथे असतं. दिवसातून शेकडो वेळा ही हाक-ओ व्हावी लागते. एखाद्या वेळी ओ आली नाही तर काही बिघडत नाही, सगळ्याच घरांत तसं होतं. महिनेच्या महिने बहुतेक हाका रिकाम्या गेल्या की मूल हाक मारणंच कमी करतं. मग लोक म्हणतात, ‘पोरगं भारी शांत आहे हो, काही त्रास नाही.’

शेतकऱ्याला वापसा कळतो. पाऊस पडून गेला, जमीन ना चिखल ना कोरडी, अशी झाली की पेरायचं. मेंदूलाही एकेका गोष्टीसाठी असा वापसा येतो. कॅनडात १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मराठी माणसाला चटकन समजेल. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकू येत होते. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो फरक जवळजवळ कळेनासा झाला होता, कारण त्यांच्या कानांवर तो रोज पडत नव्हता. वर्षाच्या आतच कान कुठली भाषा ठेवायची ते ठरवू लागतात.

## आधी पोट

मेंदू खादाड अवयव आहे. चार-पाच वर्षांचं मूल नुसतं बसलेलं असतं तेव्हा त्याचं शरीर जेवढी ऊर्जा खर्चतं, तिच्यातली सुमारे दोन तृतीयांश एकटा मेंदू घेतो. मोठ्यांमध्ये हा वाटा त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो.

आता महिनाअखेरीचं घर आठवा. पैसे कमी पडले की आधी सण, नवे कपडे बाद होतात, मग घराची डागडुजी पुढे ढकलली जाते, आणि पीठ-मीठ सगळ्यांत शेवटपर्यंत सांभाळलं जातं. लहान मुलाचं शरीर असंच वागतं. अन्न कमी पडलं की आधी खेळणं, धडपडणं, कुतूहल कमी होतं. मग उंची वाढायची थांबते. श्वास आणि हृदय शेवटपर्यंत चालू राहतात. म्हणून कुपोषित मूल बहुतेक वेळा भुकेनं रडताना दिसत नाही, गप्प बसलेलं दिसतं.

उंचीचं हे थांबणं मोजता येतं. वयाच्या मानानं मुलाची उंची निरोगी मुलांच्या मापापेक्षा फार कमी असेल तर त्याला बुटकेपण म्हणतात. उंची ही इथे नुसती खूण आहे. शरीरानं बराच काळ काटकसर केली आणि त्या काटकसरीत मेंदूही आला, एवढं ती सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं बुटकी आढळली. महाराष्ट्रात ३५.२ टक्के. आपण स्वतःला पुढारलेलं राज्य म्हणवतो आणि या आकड्यात देशाच्या सरासरीला चिकटून आहोत. कमी वजनात तर सरासरीच्याही मागे, ३६.१ टक्के. नंदुरबारमध्ये निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची निघाली.

विषमता दिसते ती हे आकडे फोडल्यावर. देशातल्या सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यातली ४६ टक्के मुलं बुटकी आहेत, सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यातली २३ टक्के. म्हणजे बरोबर दुप्पट. जातीनं पाहिलं तर अनुसूचित जमातींची मुलं ४१ टक्के, अनुसूचित जातींची ३९, आणि कुठल्याच राखीव गटात नसलेल्यांची ३० टक्के. आई शाळेतच गेली नसेल तर ४६ टक्के, बारावी किंवा पुढे शिकली असेल तर २६.

हे नुसतं ताटातल्या अन्नाचं काम नाही. आपल्याकडे म्हणतात ना, खाल्लेलं अंगी लागत नाही. त्याला शास्त्रीय अर्थ आहे. उघड्यावरची घाण, दूषित पाणी यांमुळे मुलाच्या आतड्याला सतत बारीक सूज राहते. जुलाब झाले नाहीत तरी अन्नरस नीट शोषला जात नाही, आणि जो शोषला जातो तो जंतूंशी लढण्यात जातो. गावठाणात नळ असतो आणि ओढ्यापलीकडच्या पाड्यावर झरा असतो, तेव्हा त्या झऱ्याचं पाणी थेट मुलाच्या उंचीपर्यंत पोचतं.

आणि हे सगळं सुरू होतं बाळ जन्मायच्या आधी. पोटातले २७० दिवस आणि नंतरची दोन वर्षं मिळून होणारे पहिले हजार दिवस सर्वांत महत्त्वाचे धरतात. भारतात वजन घेतलेल्या नवजात बाळांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोच्या आतली असतात. महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायका रक्तक्षयी आहेत. बीड जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि त्यामागे कोयत्याचा हिशोबही आहे. जोडपं असलं तरच पुरती उचल मिळते. सतरा वर्षांची, स्वतःच वाढत असलेली, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणारी मुलगी गरोदर राहते तेव्हा त्या बाळाचे हजार दिवस तुटीनंच सुरू होतात.

## आईचं डोकं

गरिबीची तिसरी वाट सर्वांत कमी बोलली जाते. ती डोक्यातून जाते.

तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली. एकदा ऊस जाण्याआधी, हातात पैसा नसताना, आणि एकदा ऊस जाऊन पैसे मिळाल्यावर. माणूस तोच, पण पैशांआधी घेतलेल्या चाचणीत तो कमी पडला. कर्ज, हप्ता, किराणा यांचं गणित डोक्यात सतत फिरत असतं आणि दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. मोबाइलमध्ये मागे दहा ॲप उघडी राहिली की समोरचं ॲप अडकत चालतं, तसं.

हे जमीन असलेल्या शेतकऱ्याचं झालं. ज्या आईच्या डोक्यावर उचल आहे, नवऱ्याची दारू आहे, उद्या पाणी कुठून आणायचं हा प्रश्न आहे, तिच्या डोक्यात बाळाच्या ‘आऽ’ला जागा किती उरणार? मायेचा इथे काही तुटवडा नाही. फडात मी तिला विचारलं होतं, मधे जरा घ्यायचं ना त्याला. ती म्हणाली, “ताई, याला घिऊन बसले तर मोळ्या कोण बांधंल? मुकादम उचल थोडीच माफ करतोय?”

घरातला ताण बाळालाही लागतो. सततची भांडणं, मारहाण, जागा बदलणं यांनी शरीरातली धोक्याची घंटा वाजती राहते. थोडा वेळ ताण आला आणि कुणीतरी जवळ घेतलं, तर घंटा थांबते आणि मूल घट्ट होतं. जवळ घेणारं कुणी नसेल तर ती वाजतच राहते, आणि लक्ष लावणं, आठवणीत ठेवणं, रागाला आवरणं या गोष्टींची वाढ मागे पडते. पहिलीतला ‘एका जागी बसत नाही’ हा शेरा बऱ्याचदा तिथून आलेला असतो.

थोडक्यात, बाळापर्यंत गरिबी येते ती मोठ्या माणसाच्या अंगावरून. तिच्या रक्तातून, तिच्या वेळेतून, तिच्या डोक्यातून. आता लोक जे प्रश्न विचारतात त्यांकडे येऊ.

## ‘आपली माणसं मुळातच बुटकी’

हा प्रश्न मला डॉक्टरांनीसुद्धा विचारला आहे. उंचीची हल्लीची मापं जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये जाहीर केली. त्यासाठी ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत इथली सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली होती. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या घरांमधली होती. आईचं दूध मिळालेली, स्वच्छ पाणी आणि उपचार मिळणारी. ती मुलं नॉर्वेच्या मुलांसारखीच वाढली. पहिल्या पाच वर्षांत आपल्या लेकरांच्या हाडांत काही खोट नसते.

## ‘पूर्वी काय कमी गरिबी होती? आम्ही नाही शिकलो?’

शिकलात, आणि कष्टानं शिकलात. पण १९७१ मध्ये देशात जन्मलेल्या हजार बाळांतली १२९ वर्ष पुरं होण्याआधीच दगावत होती. आज तो आकडा २५ च्या आसपास आला आहे. जी वाचली नाहीत, जी चौथीतून गुरं राखायला गेली, ती आज हा प्रश्न विचारायला आपल्यात नाहीत. उरलेल्यांकडे पाहून सगळ्यांचा हिशोब लागत नाही.

दुसरं असं, की त्या गरिबीत बऱ्याच घरांत ओ देणारी माणसं होती. ओसरीवर आजी होती, चुलती होती, शेजारीण होती. बीडहून कोल्हापूरला सहा महिन्यांसाठी निघालेल्या ट्रकमध्ये आजी नसते. गोवंडीच्या दहा बाय दहाच्या खोलीतही नसते. ती गावाकडे दोन शेळ्या आणि शाळेतली मोठी नातवंडं सांभाळत बसलेली असते. गरिबी जुनीच आहे, त्यात एकटेपणाची भर नवी आहे.

## ‘त्या घरांत मुलांशी कुणी बोलतच नाही’

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण या समजुतीनं फार नुकसान केलं आहे.

१९९५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास गाजला. गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं, असा त्याचा निष्कर्ष जगभर पसरला. तो अभ्यास ४२ कुटुंबांवर उभा होता, आणि त्यांतली सरकारी मदतीवर जगणारी होती फक्त सहा. मोठं माणूस थेट मुलाशी बोललेलेच शब्द मोजले होते. आजूबाजूला बसलेल्या बायका, भावंडं, अंगणातला गलका हे हिशोबात नव्हतं. पुढे इतरांनी तेही मोजलं तेव्हा तफावत बरीच कमी भरली, आणि काही गरीब वस्त्यांत ती दिसलीही नाही.

त्याच फडावर दुपारी बाराला सुट्टी झाली. त्या आईनं पदरानं मुलाचं तोंड पुसलं, त्याला पाजायला घेतलं आणि दहा मिनिटं त्याच्याशी बोलत होती. गाडीचा बैल कसा अडला, बहिणीनं बिस्कीट कसं संपवलं, आजी फोनवर काय म्हणाली, सगळं. तो मधेमधे दूध सोडून तिच्याकडे बघायचा, हसायचा, ती पुन्हा सुरू करायची. बोलता येणं ही तिची अडचण नव्हती. तिच्याकडे ती दहाच मिनिटं होती.

आदिवासी घरांत अडचण आणखी वेगळी असते. मेळघाटातलं तीन वर्षांचं मूल कोरकूत धडाधड बोलतं, सातपुड्यातलं पावरीत, भामरागडमधलं माडियात. त्याला झाडांची, पाखरांची, नात्यांची नावं ठाऊक असतात. ते अंगणवाडीत येतं आणि तिथे सगळं मराठीत. आतापर्यंत प्रत्येक हाकेला ओ मिळत होती, इथे त्याची हाकच कुणाला कळत नाही. ते गप्प होतं, आणि नोंद होते ‘मूल मागे आहे’. जिथे ताई त्याच वाडीतली, त्याच बोलीतली असते, तिथे असं होत नाही. घरची बोली पक्की झालेलं मूल दुसरी भाषाही सहज उचलतं, म्हणून बोलीतून सुरुवात केल्यानं मराठीचं काही जात नाही.

## ‘मग पैसे द्या म्हणजे झालं’

पैसा लागतोच. पण एकट्या पैशाचं काय होतं, हे अमेरिकेत तपासून पाहिलं आहे. २०१८-१९ मध्ये हजार गरीब आयांना बाळंतपणानंतर दरमहा रक्कम द्यायला सुरुवात झाली. चिठ्ठी टाकून काहींना महिना ३३३ डॉलर, बाकीच्यांना २०. वर्षाच्या बाळांच्या मेंदूचे आलेख घेतले तेव्हा मोठी रक्कम मिळालेल्यांत थोडा चांगला फरक दिसला. मुलं चार वर्षांची झाल्यावर भाषा, वागणूक वगैरेंत ठळक फरक दिसला नाही. यावरून ‘पैसे फुकट गेले’ असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही, त्यांच्या घरात त्या पैशानं धान्य, भाडं, औषध आलंच. पण पैशासोबत माणूसही लागतं, असा अर्थ मी घेते.

माणूस काय करतं ते जमैकात दिसलं. तिथे १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतल्या १२९ बुटक्या मुलांवर एक प्रयोग झाला. काही घरांत दोन वर्षं आठवड्यातून एकदा एक आरोग्यसेविका तासभर जायची. डबे, बुचं, चिंध्या यांची खेळणी करून आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायची. आईला शिकवायची, हे महत्त्वाचं. काही घरांना नुसता दुधाचा पूरक आहार दिला. वीस वर्षांनी पाहिलं तर जिथे सेविका जात होती ती मुलं, न गेलेल्या घरांतल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमवत होती. नुसत्या आहाराचा बुद्धीवरचा फायदा मात्र पुढे टिकला नव्हता. आठवड्याला एक तास! या प्रयोगाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो आकडा दोनदा तपासून घेतला होता.

घरी जाण्याची ही ताकद आपल्याला नवी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं आणि त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून जास्त घटले. तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे तीच वाट आहे.

## ‘अंगणवाडी आहे की गावोगावी’

अंगणवाडी हा शब्दच आपल्या मातीतला आहे. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि दोघींनी बालवाडी गोरगरिबांच्या अंगणात नेली. मुलं येत नाहीत तर आपण जायचं, इतकं सरळ. पुढे कोसबाडला मुलं गुरं राखायला कुरणावर जातात म्हणून शाळा कुरणावर नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. तिनं काम केलं नाही असं मुळीच नाही. महाराष्ट्रात २००५ मध्ये राजमाता जिजाऊ मिशन ही कुपोषणाविरुद्धची सरकारी मोहीम सुरू झाली, आणि त्या काळातल्या सर्वेक्षणांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांमधलं बुटकेपण २००५-०६ च्या ३९ टक्क्यांवरून २०१२ मध्ये २३ टक्क्यांवर आलं होतं. मनावर घेतलं तर होतं, याचा हा आपल्या घरचा पुरावा.

पण अंगणवाडीत मूल येऊन बसतं ते तीन वर्षांचं झाल्यावर. मेंदूचा वापसा असतो त्याआधी. त्या वयात मिळतो तो घरी न्यायचा पाकीटबंद आहार, आणि तो बऱ्याचदा घरातल्या सगळ्यांत वाटला जातो. २०१७ मध्ये केंद्रानं पूरक आहारासाठी मुलामागे दिवसाला ८ रुपये दर ठरवला. आठ रुपयांत जेमतेम एक अंडं येतं. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंडी-केळी आणि गरोदर बाईला एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं, ते चांगलं आहे, पण ऊसतोडीच्या कोप्यांपर्यंत, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांपर्यंत, ते येत नाही. ताईंकडे नोंदवह्या, मोबाइलवरच्या नोंदी, निवडणुकीची कामं आहेत, आणि हे सगळं पगारावर नाही, ‘मानधना’वर. शिवाय आपलं झोळीतलं बाळ जन्मगावच्या अंगणवाडीत पटावर असतं आणि ऑक्टोबर ते मार्च शेकडो किलोमीटर लांब बाभळीखाली असतं. ताराबाईंनी अंगण गाठलं होतं. आज ज्यांना अंगणच नाही त्यांचं काय, हा प्रश्न बाकी आहे.

## ‘सहा वर्षं झाली, आता उशीर झाला का?’

नाही. पाऊस चुकला तरी शेतकरी दुबार पेरणी करतोच. बियाणं जास्त लागतं, मेहनत जास्त लागते, उतारा थोडा कमी येतो, पण पीक येतं. पहिलीत आलेलं गप्प मूल ओ देणारी शिक्षिका मिळाली की खुलतं, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. हजार दिवसांचा आग्रह धरायचा तो नव्या बाळांसाठी. मोठ्या झालेल्या मुलांना सोडून द्यायला त्याचा आधार कुणी घेऊ नये.

## एका टनातले अठरा रुपये

फडावरून निघताना कोप्यांपाशी चार-पाच बायका बसल्या होत्या. मी म्हटलं, तुमच्यातलीच एक मागे राहून सगळ्यांची लेकरं सांभाळू शकणार नाही का? एक म्हातारी हसली आणि म्हणाली, “सांभाळंल की. पर तिच्या टनाचं कोण दील?”

मग तिथेच बसून हिशोब केला. २०२४ च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये झाला होता. जोडपं दिवसाला दोनेक टन तोडतं, म्हणजे एका बाईच्या वाट्याचे झाले ३६६. दहा कोयत्यांची टोळी वीस टन तोडते. मागे राहणाऱ्या बाईची पूर्ण मजुरी द्यायची ठरवली तर टनामागे अठरा रुपये पडतात. २०२४-२५ च्या हंगामात एका टन उसाचा केंद्रानं ठरवलेला किमान दर होता ३४०० रुपये.

असं पाळणाघर चालतं का, हाही प्रश्न राहिलेला नाही. दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर मजूर बायकांच्या बाळांसाठी तंबूत पहिलं पाळणाघर १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी सुरू केलं, आणि ‘मोबाइल क्रेश’ ही त्यांची संस्था हे काम आजही करते आहे. छत्तीसगडच्या आदिवासी गावांत फुलवारी नावानं आयांनीच पाळीपाळीनं बाळं सांभाळली, ताजं शिजवून भरवलं.

पैशाची सोयही कागदावर आहे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे आणि सरकारनं तेवढेच घालायचे, असं ठरलेलं आहे. वीस रुपये झाले. त्यातून मोठ्या मुलांची वसतिगृहं चालवायची आहेत हे खरं, म्हणून सगळेच्या सगळे इकडे वळवा असं मी म्हणणार नाही. पण टोळी उतरते त्या दिवशी कोप्यांमध्ये एक कोपी पाळणाघराची असावी, तिथे एक चूल, उकडलेली अंडी, स्वच्छ पाण्याचा पिंप आणि त्याच गावची, त्याच बोलीतली एक मावशी असावी, एवढं तर या पैशांत बसतं.

आणि ते झालं तर सुट्टी सगळ्यांत आधी मिळेल ती झोळीची दोरी धरून बसलेल्या बहिणीला. तिचीही अजून सहा वर्षं पुरी व्हायची आहेत.